१००० लिटर खाऱ्या पाण्यातलं २०० ग्रॅम लिथियम

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, येताना एक बाटली आणली आहे, ती पुढच्या रांगेतून मागे फिरवा. आत मोहरीहून बारीक, मधाच्या रंगाचे मणी दिसतील. बोअरचं पाणी जड लागतं म्हणून बऱ्याच इमारतींत सॉफ्टनर बसवलेला असतो, त्यातलं हे रेझिन. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम हे मणी धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. जागा भरली की मिठाच्या पाण्यानं धुवायचे. आमच्या इमारतीत गेल्या उन्हाळ्यात महिनाभर मीठ घालायचं राहून गेलं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढला आणि ती जळाली. मणी बिघडले नव्हते, नुसते भरले होते. मीठ दिल्यावर पुन्हा कामाला लागले. खाऱ्या पाण्यातून लिथियम वेचणारे शोषक पदार्थ याच मण्यांच्या भावकीतले.

जुनी पद्धत तुम्हाला लगेच कळेल, कारण तासगाव-कवठेमहांकाळकडं शेडवर बेदाणा वाळताना तुम्ही पाहिलाय. चिलीच्या अटाकामात जमिनीखालचं खारं पाणी उपसून उथळ तळ्यांत पसरतात आणि उन्हावाऱ्यावर आटवतात. बेदाण्याला पंधरवडा लागतो, तिथं वर्ष-दीड वर्ष जातं. आधी साधं मीठ खाली बसतं, मग पोटॅशचे क्षार, आणि उरलेल्या पाण्यात लिथियम दाटत जातं. पाऊसच नाही म्हणून हे तिथं जमतं. बोलिव्हियातल्या उयुनीसारखं मॅग्नेशियम भरपूर असेल, तर ते शेवटपर्यंत लिथियमची पाठ सोडत नाही.

आता कॅलिफोर्नियात सॉल्टन सरोवराजवळ खोलातून वर येणारं कढत खारं पाणी घ्या. गच्चीवरची १००० लिटरची टाकी त्यानं भरली, तर लिथियम साधारण २०० ग्रॅम आणि सोडियम ५० किलोच्या आसपास. ते २०० ग्रॅम सगळे हाती लागले, तर सुमारे एक किलो लिथियम कार्बोनेट होईल. तेवढंच नेमकं वेचायचं कसं?

मला सगळ्यांत देखणी वाटते ती मँगनीज ऑक्साइडची युक्ती. ओल्या शाडूत नाणं दाबून काढलं की त्याच मापाचा खळगा उरतो. तसं आधी लिथियम घालूनच स्फटिक घडवतात, मग आम्लानं धुऊन लिथियम काढून घेतात. त्या जागी हायड्रोजन बसतो. खाऱ्या पाण्यात टाकल्यावर हायड्रोजन बाहेर पडतो आणि लिथियम आपल्या जागी परत येतं. सोडियमचा आयन मोठा, तो आत मावत नाही. मॅग्नेशियमचा जवळपास लिथियमएवढाच, पण त्यानं भोवती पाण्याचे रेणू इतके घट्ट धरलेले असतात, की ते टाकून आत शिरणं त्याला फार जड जातं.

इथवर ऐकून वाटेल, काम फत्ते. पण धरलेलं सोडवायलाही पुन्हा आम्लच लागतं, आणि दर धुण्यात थोडं मँगनीज विरघळून जातं. पहिल्या दिवशी किती धरलं यावर मी कुठल्याही शोषकाला गुण देत नाही; हजाराव्या धुण्यानंतर तो किती धरतो ते विचारतो. टायटॅनियमचा शोषक जास्त टिकतो, पण संथ. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या थरांचा शोषक धरतो कमी, मात्र लिथियम सोडायला त्याला आम्ल लागत नाही, जवळजवळ गोडं पाणी पुरतं. अर्जेंटिनातल्या ओम्ब्रे मुएर्तो इथं १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून तो कारखान्यात चालतोय. आता वाळवंटात गोडं पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न तिथल्या गावांच्या जिवाशी येतो. शोषक निवडताना तो हिशेब आधी मांडावा, असं मला कळकळीनं वाटतं.

वाळव्याच्या एका शेतकरी दादांनी चिठ्ठी पाठवली आहे: आमच्या क्षारपड रानातल्या चराच्या पाण्यात लिथियम सापडेल का? दादा, तुमच्या रानात मीठ फुटतं ते जादा पाण्यानं आणि निचरा नसल्यानं. ते क्षार मुख्यतः सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे. अटाकामाचं खोरं बंदिस्त आहे. ज्वालामुखीच्या खडकांतून झिरपून आलेलं लिथियम तिथून समुद्राकडं जाऊच शकलं नाही, युगानुयुगं साठत राहिलं. आपलं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं. तेव्हा चर जरूर काढा, पण ऊस पुन्हा उभा राहावा म्हणून. लिथियम काढून देतो म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले, तर देऊ नका.