बरव्यांच्या रिकाम्या जागेत

नमस्कार मंडळी. प्रभाकर बरवे हे नाव तुमच्यापैकी कितीजणांनी ऐकलंय? आमच्या अलिबागजवळच्या नागावचा हा चित्रकार, जन्म १९३६चा, आणि खरं सांगते, आमच्याच भागात त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून २०१९च्या फेब्रुवारीत मुंबईला काळा घोड्याच्या एनजीएमएमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, त्यांचं मोठं प्रदर्शन लागलंय कळल्यावर मी मांडव्याची सकाळची लाँच पकडली, गेटवेला उतरले आणि चालतच गेले.

प्रदर्शनाचं नाव होतं ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’. रिकाम्या खोक्याच्या आत. ती इमारत म्हणजे जुना कावसजी जहांगीर हॉल, आत अर्धगोल जिने चढत चढत वर घुमटाखाली जायचं. जे.जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर बरवे १९६१ला बनारसच्या विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे विणकरांसाठीच्या सरकारी केंद्रात, नोकरीला गेले, तिथे चार वर्षं काढली, तेव्हाच्या चित्रांत तंत्रमार्गातली चिन्हं आहेत. ती मी बघितली, पण खरं तर माझं मन पुढच्या चित्रांकडे धावत होतं.

कारण तिथे काय असतं माहितीय? एक पान. एक घड्याळ. एखादं फळ, एखादी पिन. आणि बाकी सगळी मोकळी जागा. वस्तू एकमेकींना चिकटत नाहीत, कुठलीच दुसरीवर दादागिरी करत नाही, पण बघत उभं राहिलं ना की त्या पानात आणि घड्याळात काहीतरी बोलणं चाललंय असं वाटायला लागतं, आणि ते बोलणं त्या मधल्या मोकळ्या जागेतच चाललेलं असतं. मी छापील चित्रं पुष्कळदा बघितली होती, पण छपाईत ती जागा नुसती पार्श्वभूमी वाटते. समोर उभं राहिल्यावर कळलं की तीही रंगवलेली आहे, तेवढ्याच काळजीनं.

आणि रंग कुठला, तर एनॅमल! आपण खिडक्यांना, गेटला मारतो तो डब्यातला रंग. आमच्याकडे घर रंगवताना मी तो हाताळलाय, जरा जास्त झाला की ओघळतो, पटकन आवरत नाही. त्याच रंगात इतकी शांत, सपाट, नितळ चित्रं कशी केली असतील या विचारात मी एकेका चित्रापुढे किती वेळ उभी होते कोण जाणे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो डायऱ्यांपाशी. बरवे वर्षानुवर्षं डायरी लिहायचे, टिपणं, छोटी स्केचेस, चित्राबद्दलचे विचार. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मी वाचलं होतं, १९९०चं, चित्र सुचतं कसं हे एवढ्या साध्या मराठीत सांगणारं पुस्तक माझ्या तरी वाचनात दुसरं नाही. पण डायरीत तोच माणूस अजून शोधत असतो, विचार पक्का व्हायच्या आधीचा, आणि ते वाचताना आपण परवानगी न घेता कुणाच्या तरी खोलीत शिरलोय असं वाटून मी दोनदा मागे सरकले आणि परत पुढे झाले.

१९९५ला ते गेले. साठीसुद्धा झाली नव्हती.

संध्याकाळची लाँच चुकेल म्हणून अर्ध्या डायऱ्या तशाच सोडून निघावं लागलं. पुढच्या शनिवारी परत गेले, जिने चढताना कुठेही न थांबता, थेट डायऱ्यांकडे.