लाकूड वखारीला, पाला कुणाला?

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी मुळशी-मावळात, नाहीतर दौंड-इंदापूरकडे दोन-चार एकर घेऊन ठेवले असतील असा माझा अंदाज आहे. पुण्यात तो रिवाजच झालाय. जमीन घेतली की प्रश्न येतो, लावायचं काय? रोज जाणार कोण? मग कुणीतरी सांगतं, झाडं लावा. निलगिरी, मिलिया, सुबाभूळ. पाच-सहा वर्षांत तोडा आणि पैसे मोजा. पैशांचं ते सांगणारे सांगतीलच. मी बोलणार आहे ते तोडणीच्या दिवशी ट्रकमधून तुमच्या जमिनीचं काय काय बाहेर जातं, याबद्दल.

झाड जमीन खातं, असं सर्रास म्हणतात. वाळलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कार्बनचं असतं आणि तो सगळा हवेतला. उरलेल्यात मुख्यतः ऑक्सिजन आणि हायड्रोजन. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून एखादा ओंडका आणून पूर्ण जाळलात तर बहुतेक जातींत शंभर किलोमागे किलोभर राख राहील, अनेकदा त्याहूनही कमी. म्हणजे नुसतं लाकूड नेणारा माणूस वजनाच्या मानाने जमिनीचं फार नेत नाही.

नेतो तो पाला, साल आणि कोवळ्या डहाळ्या नेणारा. ढोबळ हिशेब मांडू. हेक्टरभर निलगिरीत शंभर टन कोरडं लाकूड उभं आहे असं धरा. त्यात नत्र, म्हणजे नायट्रोजन, ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे शंभर ते दोनशे किलो. त्याच झाडांवर पाला असेल पाचेक टन, पण त्यात नत्र दीड ते दोन टक्के. झाले पंचाहत्तर ते शंभर किलो. वजनाने लाकडाचा विसावा भाग, नत्राने निम्म्याच्या आसपास! सालीचं तसंच. निलगिरीच्या सालीत कॅल्शियम साठलेलं असतं, टनामागे लाकडाच्या कितीतरी पट. म्हणून साल शेतातच सोलावी आणि तिथेच पसरावी. हे कुणाला आवडत नाही. ठेकेदाराला मजुरी दिसते आणि वजनावर विकणाऱ्या मालकाला घटलेलं वजन. पण व्यवहार ठरवताना दराइतकंच हेही लिहून घ्या: साल कोण काढणार आणि फांद्या कुणाच्या.

आता झाडाच्या वाढीकडे येऊ. रोप लावल्यापासून शेजारच्या झाडाशी फांद्या भिडेपर्यंत झाड मुख्यतः पानं आणि बारीक मुळं उभी करत असतं. जमिनीकडे सगळ्यात जास्त मागणी याच काळात. एकदा वरचं छत मिटलं की झाड काटकसरी होतं. पान गळण्याआधी त्यातलं बरंचसं नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) काढून घेऊन नव्या पालवीला देतं. कॅल्शियम मात्र पानातून हलत नाही. ते पानाबरोबर खाली येतं आणि पाचोळा कुजला की मुळांना पुन्हा मिळतं. म्हणून खत द्यायचं ते पहिल्या दोनेक वर्षांत, तेही ओल असताना. कोरड्या मातीत खत मुळापर्यंत पोचतच नाही.

यातूनच छोट्या फेरीचा, म्हणजे दर थोड्या वर्षांनी तोडून पुन्हा लावण्याचा, तोटा कळतो. काटकसरीचा काळ नुकता सुरू झाला की आपण कुऱ्हाड घालतो आणि पुन्हा उधळ्या काळापासून आरंभ. शिवाय कोवळ्या खोडात बाहेरचं फिकं लाकूड जास्त असतं. वय वाढलं की त्याचा गाभा बनतो आणि बनताना झाड त्यातले पोषक घटक ओढून घेतं. पाच-पाच वर्षांच्या दोन तोडण्यांतलं शंभर टन लाकूड जमिनीला दहा वर्षांच्या एका तोडणीतल्या शंभर टनांपेक्षा महाग पडतं.

दौंड-बारामतीकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमची चिंता नको. तिथलं दुखणं वेगळं. निलगिरीच्या शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक लगेच युरियाची गोणी फोडतात. नत्र कमी असतं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी पडली असती. शेंडा पिवळा म्हणजे बहुधा लोह. ते मातीत असतं, पण चुन्यामुळे झाडाला मिळत नाही. फेरस सल्फेट मातीत टाकलं तर तेही अडकून बसतं, त्यापेक्षा पानांवर फवारा. मुळशी-मावळात उलट. धो धो पाऊस, क्षार वाहून गेलेले; तिथे सालीचा हिशेब खरोखर लागू पडतो.

सुबाभूळ स्वतःचं नत्र हवेतून घेते, मग काळजी कसली, असं विचारतात. उरुळीकांचनच्या बाएफने, मणिभाई देसाईंच्या संस्थेने, १९७०च्या दशकात तिचा प्रसार केला तो चारा आणि सरपण डोळ्यासमोर ठेवून. चारा गोठ्यात गेला आणि शेण शेतात परतलं, तर चक्र पुरं. पाला विकलात, तर नत्र हवेतून भरून येईल, स्फुरद कुठून येणार?

तोडणीनंतर काडीकचरा पेटवायची आपल्याकडे फार हौस. उसाचं पाचट जाळू नका हे आता बारामतीत शाळकरी पोरगंही सांगेल. झाडांच्या डहाळ्यांना तोच नियम. नत्र धुरात जातं, पालाश राखेत राहतो आणि पहिल्या वळवाने ओढ्याला लागतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात रेतीच्या जमिनीवर रेडिएटा पाइनची दुसरी पिढी पहिलीपेक्षा खुरटी निघत असल्याचं १९६०च्या दशकात नोंदलं गेलं. तिथे कचरा जाळला जात होता. तो राखायला आणि तण काबूत ठेवायला लागल्यावर घसरण थांबली.

मागून कुणीतरी बांबूचं विचारलंत. बांबू पालाश बराच उचलतो. काळ्या जमिनीत पालाश सहसा भरपूर असतो, तेव्हा इंदापूरवाल्यांनी निर्धास्त लावावा. मुळशीवाल्यांनी आधी माती तपासावी. नमुना वरच्या फूटभराचा वेगळा आणि खालच्या फूटभराचा वेगळा घ्या. आणि तो अहवाल टाकून देऊ नका. पहिल्या तोडणीनंतर त्याच जागची माती पुन्हा तपासायची आहे.