बाळ रडलं का?

नमस्कार मंडळी. बाळंतपण झालं की दाराबाहेरच्यांचा पहिला प्रश्न काय असतो? मुलगा की मुलगी. मी एएनएम, म्हणजे बाळंतपणं करणारी सरकारी नर्स, म्हणून बत्तीस वर्षं नोकरी केली, लेबर रूमच्या दारातनं हाच प्रश्न ऐकत आले, आणि दरवेळी जीव तुटायचा, अहो आधी विचारा ना, बाळ रडलं का!

पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत पाणी असतं, त्याचा सगळा प्राणवायू नाळेतनं येतो. बाहेर आलं की पहिल्या काही श्वासांत ते पाणी मागं सारून हवा भरायची असते, फुगा फुगवताना पहिली फुंकर कशी जड जाते, तसंच. शंभरातली नव्वदेक बाळं हे आपलं आपण करतात. दहाएकांना मदत लागते, कुणाला नुसती पाठ चोळून भागतं तर कुणाला बॅग, म्हणजे तोंडावर मास्क धरून हवा भरायचा हातानं दाबायचा फुगा, लावावी लागते, आणि ती मदत पहिल्या मिनिटात मिळायला पाहिजे. एक मिनिट. परत सांगते, एकच मिनिट.

आता ती गोष्ट सांगते. २०११ चा जुलै, घाटमाथ्यावरचं एक आरोग्य केंद्र, पाऊस असा की समोरचं झाड दिसेना. डॉक्टर दुसऱ्या पेशंटला घेऊन खाली तालुक्याला गेलेले, आणि इकडे एक पहिलटकरीण, सोबत तिची सासू. माझं नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं दोन दिवसांचं ट्रेनिंग आदल्याच वर्षी झालेलं, पण ते रबराच्या बाहुलीवर. डोकं दिसायला लागलं आणि लाईट गेली. वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब द्यायचं यंत्र, तेही बंद. नशीब की दोन सुती फडकी आधीच त्याच्याखाली तापवून ठेवली होती. मी माझ्या मोबाईलची बॅटरी लावून तो सासूबाईंच्या हातात दिला, म्हटलं मावशी, उजेड हलू देऊ नका.

बाळ आलं ते निळं, हातपाय लुळे, आवाज नाही. पुसलं, ओलं फडकं बाजूला टाकलं, कोरड्यात घेतलं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. काही नाही. नाळ बांधून कापली, टेबलावर घेतलं, नाकातोंडावर मास्क धरला आणि अंबू बॅग दाबली, दाबा-दोन-तीन, दाबा-दोन-तीन. छाती हलेचना. बॅग दाबतेय, हवा जातेय असं वाटतंय, पण छाती वर येत नाहीये, आणि तेवढ्यात एकदम अंधार, आणि कानाशी ठणाठणा थाळी! मावशींनी मोबाईल खाली ठेवून स्टीलची थाळी वाजवायला घेतलेली, त्यांच्या गावात न रडणाऱ्या पोराला तसंच उठवायचे.

मी ओरडले, मावशी थाळी नको, उजेड द्या!

उजेड परत आला तो नेमका बाळाच्या गळ्यावर, आणि मला दिसलं, हनुवटी छातीला टेकलेली, मान मुडपलेली. हवा जाणार कुठून? फडक्याची घडी करून खांद्याखाली सरकवली, मान जरा वर केली, मास्क नीट बसवला, परत दाबा-दोन-तीन, आणि छाती उचलली गेली. एवढीशी ती छाती, पण वर आली. बेंबीपाशी नाळेचा तुकडा चिमटीत धरला तर ठोके पटापटा लागत होते. अर्ध्या मिनिटानं एक आचका, मग मांजरीच्या पिल्लासारखं बारीक रडणं, मग असा टाहो की बाळंतीण पण रडायला लागली. पहाटे लाईट आली तरी मावशी मोबाईल बाळावर धरून उभ्याच होत्या, शेवटी चार्जिंग संपून तो आपोआप बंद झाला.

म्हणून सांगते, थाळी नको, पाय धरून उलटं लटकवणं नको, गार पाण्याचे हबके नकोत. पुसा, कोरड्यात गुंडाळा, श्वास बघा. नसेल तर मास्कनं हवा, मिनिटाच्या आत. आणि छाती वर येतेय का ते बघायचं, छाती! गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायकांना हे शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. डॉक्टरकीची डिग्रीच लागते असं नाही, सराव लागतो, सराव.

रडणारं, चांगलं बाळ असेल तर नाळ कापायची घाई नको, मिनिटभर थांबावं, आईच्या उघड्या छातीवर द्यावं, तासाभरात अंगावर पाजावं. मध चाटवू नका, त्या दिवशी आंघोळ नको.

आणि ते दुकानातले झालरीवाले गुळगुळीत कपडे, मला मुळीच पटत नाहीत, पाणी टिपत नाहीत आणि बाळाला टोचतात. आजीच्या जुन्या लुगड्यासारखं फडकं कुठंच मिळत नाही, धुवून कडक उन्हात वाळवलेलं. आजकाल घरात जुनं सुती लुगडंच उरलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आठवा महिना लागला की आशाताईला विचारून ठेवा, डिलिव्हरी कुठं, तिथं लहान बाळाची बॅग-मास्क आहे का, रात्री कोण असतं, आणि १०८ ला फोन लावणारं घरातलं माणूस कोण. दवाखान्याच्या पिशवीत चार सुती फडकी, एक टोपी, आणि मोबाईल पूर्ण चार्ज केलेला.