वेबसाईट शिळी व्हायला ‘कसे याल’ या पानापासून सुरुवात होते

नमस्कार. व्यवसायाची वेबसाईट वेळच्या वेळी अद्ययावत कशी ठेवावी, याविषयी आज बोलायचे आहे. उदाहरण सिंधुदुर्गातल्या होमस्टेचे घेतो, कारण तिथल्या एका वेबसाईटवर विसंबून मी स्वतः फसलो आहे.

‘रोज ताज्या सुरमईचे ताट आणि होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याची सफर’ असे वाचून मी ऐन जुलैत मालवण गाठले. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात. मालक भला माणूस होता. तो म्हणाला, “अहो, ते पान मे महिन्यात लिहिलेलं आहे.” त्याचे काही खोटे नव्हते, लिहिले त्या दिवशी त्यातले अक्षर न् अक्षर खरे होते.

(पडद्यावर: ‘कसे याल’ हे पान)

आता हे पान पाहा. यावर सर्वांत जवळचा विमानतळ म्हणून अजून गोव्यातला दाबोळी दिलेला आहे. सिंधुदुर्गातलाच चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला, उत्तर गोव्यातल्या मोपा येथून 5 जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली आणि 27 जून 2023 पासून मुंबई–मडगाव वंदे भारत कणकवलीला थांबू लागली, तरी या पानाला त्यातले काहीच ठाऊक नाही. कोकण रेल्वेचे वेळापत्रक पावसाळ्यात बदलते, त्यामुळे गाड्यांच्या वेळा आपल्या पानावर लिहिण्याच्या फंदात पडू नये, असे माझे मत आहे. जवळचे स्थानक कोणते, तिथून अंतर किती आणि रात्री उशिरा रिक्षा मिळते की नाही, एवढे सांगावे. वेळांसाठी रेल्वेच्या वेबसाईटचा दुवा द्यावा. वारंवार बदलणारी आणि आपल्या हातात नसलेली माहिती जितकी कमी लिहाल, तितके पुढचे काम कमी होईल.

दरपत्रकाची गोष्ट याहून नाजूक आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. मात्र कित्येक वेबसाईटवर ‘12 टक्के कर वेगळा’ ही ओळ तशीच राहिली, आणि बातम्या वाचणारा पाहुणा आपल्याकडून जास्त पैसे घेतले जात आहेत की काय, अशा शंकेने फोन करू लागला. ही ओळ बदलायला दोन मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात दर मुखपृष्ठावर असतो, खोल्यांच्या पानावर असतो, पीडीएफमध्ये असतो आणि सर्वांत वाईट म्हणजे समुद्राच्या फोटोवर पिवळ्या अक्षरांत छापलेला असतो. त्या चित्राची मूळ फाईल डिझायनरकडे, आणि डिझायनर आता पुण्याला. म्हणून दर एकाच पानावर, साध्या मजकुरात ठेवावेत आणि बाकी ठिकाणांहून त्या पानाकडे बोट दाखवावे.

आता पाहुण्याला न दिसणारी बाजू. डोमेन, म्हणजे वेबसाईटचे नोंदवलेले नाव, कोणाच्या ईमेलवर नोंदवलेले आहे, हे आजच तपासा. ते वेबसाईट करून देणाऱ्याच्या नावावर असेल, तर नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्यालाच जातात. डॉट कॉम नाव मुदत उलटून रद्द झाले, तर ते जादा शुल्क भरून सोडवायला 30 दिवस मिळतात, त्यानंतर 5 दिवसांनी ते कोणीही घेऊ शकतो. फुकटच्या सोयीवरही फार भिस्त ठेवू नये. गूगलने बिझनेस प्रोफाईलसोबत (नकाशावर आणि शोधात दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीसोबत) दिलेल्या मोफत वेबसाईट मार्च 2024 मध्ये बंद केल्या, पण तो पत्ता छापलेली व्हिजिटिंग कार्डे आजही हातात पडतात.

वेबसाईटसाठी वर्डप्रेस ही प्रणाली वापरत असाल, तर अपडेटचे बटण दाबण्याआधी बॅकअप घ्यावा आणि नंतर चौकशीचा फॉर्म स्वतः भरून पाहावा. फॉर्म ‘धन्यवाद’ म्हणतो आणि ईमेल मात्र येतच नाही, हा बिघाड महिनोन् महिने लक्षात येत नाही.

हे सगळे करायचे कधी, असे मालक विचारतात. वेगळी तारीख ठरवली की ती हमखास चुकते, तेव्हा जी कामे तुम्ही एरवीही करताच, त्यांना हे जोडून द्या. मे महिन्याच्या शेवटी पडवीला ताडपत्री बांधाल, त्या दिवशी सुरमई आणि होडी पानावरून उतरवा. दिवाळीआधी गाद्या उन्हात घालाल, तेव्हा दर आणि फोटो पाहून घ्या.

आणि त्या दोन्ही दिवशी शेजाऱ्याच्या मोबाईलवर वेबसाईट उघडून तिथल्या क्रमांकावर फोन लावा. कोण उचलतो ते ऐका, आणि तो अजून तुमच्याकडेच कामाला आहे ना, तेही विचारून घ्या.