टॅलीत पळणारी बोटं एक्सेलमध्ये का अडखळतात?

नमस्कार मंडळी! मार्केट यार्डात एखाद्या भुसार व्यापाऱ्याच्या गाळ्यावर जा, नाहीतर सदाशिव पेठेत एखाद्या टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात. टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, बसलेल्या माणसाकडे बघा. एफ८ दाबलं की विक्री, एफ९ खरेदी, एफ५ पेमेंट. नजर बिलावर, बोटं कीबोर्डवर. तोच माणूस एक्सेल उघडतो आणि लगेच माउस धरतो. चाक फिरवत फिरवत हजारो ओळी खाली. मला हे बघवत नाही, कारण हाताला सवय आहे, फक्त इथली बटणं कुणी दाखवलेली नसतात.

शंभर शॉर्टकटचे तक्ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात, ते बाजूला ठेवा. आधी शीटमध्ये फिरायला शिकू.

[स्क्रीनवर: विक्रीची शीट]

कंट्रोल दाबून धरा आणि खालचा बाण. बघा, थेट शेवटची नोंद. सोबत शिफ्ट धरलं की वाटेतलं सगळं सिलेक्ट. मध्ये रिकामा सेल, म्हणजे चौकोन, असेल तर कर्सर तिथेच अडतो, म्हणजे राहिलेली नोंदही सापडते. कधी एकदम १०,४८,५७६ व्या ओळीवर जाऊन पडलात तर घाबरू नका, शीट तिथे संपते. कंट्रोल-होम दाबा, वर याल.

आता खरं काम. ही यादी बघा. पार्टीचं, म्हणजे ग्राहकाचं, नाव एकदाच लिहिलंय आणि खाली गूळ, शेंगदाणा, तूरडाळ अशी बिलं. नावाच्या कॉलममध्ये त्या ओळी रिकाम्या. पार्टीच्या नावावर फिल्टर लावला तर एकच बिल दिसणार! मग लोक काय करतात, नाव कॉपी करून एकेका ओळीत चिकटवत बसतात. मार्चअखेरीला त्यात अख्खी दुपार जाते.

माझ्याबरोबर करा. नावाच्या कॉलममध्ये उभे राहा, कंट्रोल-स्पेस, पूर्ण कॉलम सिलेक्ट. एफ५ दाबा. टॅलीत पेमेंट, इथे ‘गो टू’ची खिडकी. ऑल्ट-एस, मग के, मग एंटर. फक्त रिकामे सेल निवडले गेले. आता कुठेही क्लिक करायचं नाही. बरोबरचं चिन्ह (=) टाइप करा, वरचा बाण एकदा दाबा, आणि नुसतं एंटर नाही, कंट्रोल-एंटर. भरली सगळी नावं!

पण इथे थांबू नका. ही नावं म्हणजे अजून फॉर्म्युले आहेत, सॉर्ट केलंत की गोंधळ होईल. पुन्हा कंट्रोल-स्पेस, कंट्रोल-सी, मग कंट्रोल-ऑल्ट-व्ही, व्ही, एंटर. आता नुसती अक्षरं उरली. शेवटी ‘एकूण’ची ओळ असेल तर तिथेही नाव शिरलेलं असतं, तेवढं पुसा.

एफ४ तर रोजचं आहे. जीएसटीचा दर एच१ या सेलमध्ये आहे, फॉर्म्युला खाली ओढला की तो एच२, एच३ असा घसरतो. फॉर्म्युल्यात एच१ लिहिल्याबरोबर एफ४ दाबा, दोन्हीकडे डॉलरचं चिन्ह लागतं आणि दर जागचा हलत नाही. लॅपटॉपवर आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त झाला, तर एफएन धरून दाबा.

आणि एक गोष्ट, जी प्रत्येक ऑफिसात माहीत असायलाच हवी. खरेदीच्या भावाचा कॉलम लपवून तुम्ही यादी कॉपी करता आणि नव्या शीटमध्ये चिकटवून पार्टीला पाठवता. हाताने लपवलेला कॉलम त्या कॉपीबरोबर जातो आणि तिकडे उघडा दिसतो! म्हणून यादी सिलेक्ट केल्यावर आधी ऑल्ट आणि अर्धविराम (;) दाबा, म्हणजे फक्त दिसणारे सेल निवडले जातात. मग कंट्रोल-सी. चिकटवल्यावर कॉलम मोजा, आणि मगच ईमेल पाठवा.