गुलाम की जॅक?

(इंग्लंडातल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडी काटछाट करून.)

मंडळी, नमस्कार. मागून बटाटेवड्यांचा वास येत असताना कुणाला कादंबरीवर बोलायला उभं करणं हा अन्याय आहे, माझ्यावरही आणि तुमच्यावरही. म्हणून लांबण लावत नाही.

मी नाशिकची. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्यात इथे केंटमध्ये लेकीकडे येते आणि उरलेलं वर्ष नाशिकला रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर दहा-बारा मुलांना घेऊन पुस्तक वाचते. गेल्या खेपेला वाचली ती गोष्ट तुमच्याच भागातली. चार्ल्स डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'. डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ ती दर आठवड्याला हप्त्याहप्त्याने छापून येत होती. आम्हीही साधारण त्याच चालीने गेलो, मध्ये परीक्षा आल्या म्हणून जरा रेंगाळलो.

मुलं दोन तऱ्हेची. निम्मी कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या सुखवस्तू घरांतली, इंग्लिश मीडियमची. निम्मी सिडको आणि अंबडकडच्या कामगार वस्तीतली, मराठी किंवा सेमीची. पहिले तीन रविवार दोन्ही गट सतरंजीच्या दोन टोकांना बसायचे. मी मुद्दाम काही बोलले नाही. बोलून काय होतं?

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. पिप नावाचं पोरकं पोर, बहिणीच्या घरी वाढतंय. बहिणीच्या नवऱ्याचं नाव 'जो' (Joe), गावचा लोहार, अतिशय भला माणूस. एक दिवस पिपला मिस हॅविशॅम नावाच्या श्रीमंत बाईच्या वाड्यावर खेळायला बोलावतात. तिथे एस्टेला नावाची देखणी, तिखट मुलगी त्याच्याशी पत्ते खेळते. खेळ 'बेगर माय नेबर'. हे मी सांगितलं तेव्हा सिडकोचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आपला भिकार-सावकार!" नियम थोडे वेगळे, पण जात एकच. डोकं चालवायला वाव नाही, हातात पानं कशी आली त्यावर सगळं.

आणि खेळता खेळता एस्टेला फिस्कारते : हा मुलगा गुलामाला जॅक म्हणतो! हात बघा केवढे राकट, बूट बघा केवढे जाड!

इथे आमचं वाचन अडलं. त्या काळी इंग्लंडात खानदानी माणूस त्या पानाला 'नेव्ह' म्हणायचा आणि 'जॅक' म्हणणारा हलका समजला जायचा, हे मी समजावून सांगितलं. मुलं गोंधळली. मी कपाटातून पत्त्यांचा जोड आणला, इस्पिकचा गुलाम काढून सतरंजीच्या मधोमध ठेवला आणि विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? अंबडकडचे म्हणाले, गुलाम. कॉलेज रोडचे म्हणाले, जॅक. त्यातली एक मुलगी बोलून गेली, "गुलाम तर आमच्या मावशी म्हणतात, कामाला येतात त्या." बोलली आणि कानापर्यंत लाल झाली.

पान तेच. केंटमध्ये जॅक म्हणणारा खालचा, नाशिकमध्ये जॅक म्हणणारा वरचा. शब्दात काही नसतं, तो कुणाच्या तोंडी आहे त्यात असतं. हे मला इतकी वर्षं फळ्यावर लिहून सांगता आलं नव्हतं.

मराठीत वर्ग म्हणजे शाळेतलाही आणि समाजातलाही. पहिल्यात बसल्याशिवाय दुसरा कळत नाही, असं मला अलीकडे वाटायला लागलंय.

पुढे पिपला कुठून तरी अनामिक पैसा मिळतो, तो लंडनला जाऊन जंटलमन होतो, आणि जो त्याला भेटायला येतो. अख्ख्या कादंबरीत माझा जीव या प्रकरणात आहे. पिप कबूल करतो की पैसे मोजून जोला थोपवता आलं असतं तर मोजले असते. जो येतो तो हातात हॅट घेऊन, अंडी असलेलं घरटं धरावं तशी दोन्ही हातांनी. ती ठेवायची कुठे हे त्याला कळत नाही. शेवटी फायरप्लेसवरच्या फळीच्या कोपऱ्याला टेकवतो, ती पुन्हा पुन्हा खाली पडते, तो पुन्हा पुन्हा झेलतो.

आम्ही हा प्रसंग करून बघितला. जो झाला तो अंबडचाच एक मुलगा. वडिलांचं तिथे छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ. हॅट नव्हती, म्हणून त्यानं स्कूटरचं हेल्मेट घेतलं आणि मांडीवर धरून बसला. मी म्हटलं, अरे, कठड्यावर ठेव, पडू दे ना ते! तर म्हणाला, "नको मॅडम. पप्पा कुणाकडे गेले की हेल्मेट असंच धरतात. खाली ठेवलं तर फरशीला चरा पडेल, सोफ्यावर ठेवलं तर डाग पडेल, असं वाटतं त्यांना."

त्यानंतर कुणी हसलं नाही. डिकन्सनं तो प्रसंग हसण्यासाठीच लिहिलाय खरं तर.

मग भाषेचा पेच. जो घरी पिपला 'ओल्ड चॅप' म्हणतो. लंडनला आल्यावर 'सर' म्हणायला लागतो, मध्येच विसरून जुन्यावर येतो, पुन्हा सावरून 'सर'. हे मराठीत कसं आणायचं? मला वाटलं, इंग्रजीपेक्षा आपल्याला सोपं, आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे. कॉलेज रोडच्या मुलीनं 'आपण' सुचवलं. हेल्मेटवाला म्हणाला, "आपण कोण म्हणतं? पप्पा 'सर'च म्हणतात. बँकेत सर, कंपनीत सर. सरच ठेवा." म्हणजे भाषांतर करायला बसलो आणि मूळ शब्दच राहिला.

तुमच्यापैकी कितीजणांनी आईबाबा यायच्या आधी फोनवर सांगितलंय की इथे चारचौघांत मोठ्यानं बोलू नका? हात वर करू नका. मला लेकीनं सांगितलं होतं, ट्रेनमध्ये डबा उघडू नकोस. मी उघडला. लसणाची चटणी होती.

निघताना जो जे बोलतो त्यावर आमचे दोन रविवार गेले. आयुष्य म्हणजे कितीतरी ताटातुटी एकीला एक सांधून केलेलं काम आहे, अशा अर्थाचं बोलतो. शेवटी लोहारच तो, सांधण्याचीच उपमा सुचणार. आणि पुढे म्हणतो, एखादा लोहार असतो, एखादा कल्हईवाला, एखादा सोनार, एखादा तांबट. मी मराठीत हे फळ्यावर लिहिलं आणि एकजण म्हणाला, "मॅडम, ही तर जुन्या नाशिकची यादी झाली." खरंच होतं. तांबट आळी आहे, सराफ बाजार आहे. त्यावर मागून प्रश्न आला : "मग जो जातीनं लोहार का?"

मी सांगितलं, नाही, तो फक्त धंदा. पण सांगताना जाणवलं की आपल्या भाषेत तो शब्द फक्त धंद्याचा राहतच नाही. इंग्रजी वाचताना जोच्या तोंडी चार कारागीर येतात, मराठीत लिहिलं की चार जाती उभ्या राहतात. पिपचा मार्ग पैशानं मोकळा झाला. आमच्या पंचवटीत काळाराम मंदिराचं दार उघडावं म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा प्रश्न खिशात किती पैसे आहेत हा नव्हताच. आपण समीक्षेत 'वर्गसंघर्ष' हा शब्द फार सुखानं वापरतो. कधी कधी तो जातीवर घातलेलं पांघरूण असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवशी मुलंही घरचं बरंच बोलली. ते इथे सांगायचं नाही असं आमचं ठरलंय.

पिपचा पैसा येतो कुठून? ऑस्ट्रेलियातून. लहानपणी पिपनं घाबरत घाबरत ज्याला खायला आणून दिलं, तो मॅगविच नावाचा कैदी तिकडे मेंढ्या पाळून पैसा जमवतो आणि त्यातून इकडे एक साहेब तयार करतो. परदेशात राबून मायदेशी पैसे पाठवणारा हा माणूस, आणि तो जन्मठेपेचा कैदी. हसताय काय! गंगापूर रोडवरचे निम्मे फ्लॅट तुमच्याच पैशातून उभे असतील, आणि त्यात राहणारे शेजाऱ्याला काय सांगतात तेही कधी विचारा.

डिकन्सनं स्वतः काय लपवलं तेही सांगते. १८२४ साली वडील कर्जापायी मार्शल्सीच्या तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता. सगळ्या इंग्लंडचा लाडका लेखक झाल्यावरही त्यानं हे लोकांना कळू दिलं नाही. जॉन फॉर्स्टर या मित्राला तेवढं सांगितलं, आणि १८७० साली डिकन्स गेल्यावर फॉर्स्टरनं लिहिलेल्या चरित्रातून जगाला समजलं. मुलांना याचंच सगळ्यात नवल वाटलं. इतकं लिहिणाऱ्यानं एवढं का लपवावं?

परवा लेक मला इथल्या कूलिंग नावाच्या गावच्या चर्चला घेऊन गेली. कादंबरीची सुरुवात जिथे सुचली म्हणतात तिथे. लहान मुलांच्या १३ थडग्यांची रांग आहे, दगडी, लोडासारखी. डिकन्सनं पुस्तकात पाचच ठेवली. फोटो काढून आमच्या गच्चीच्या ग्रुपवर टाकला. हेल्मेटवाल्याचं उत्तर आलं : "मॅडम, एवढी कमी का केली? तेरा लिहिली असती तर कुणाला खरं वाटलं नसतं म्हणून?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तो पत्त्यांचा जोड मी बरोबर आणलाय. वडे झाल्यावर कुणी भिकार-सावकार खेळणार असेल तर त्या कोपऱ्यातल्या टेबलावर या. इस्पिकच्या गुलामाचा कोपरा जरा दुमडलाय, सतरंजीवर खूप वेळ पडून होता.