सालाझार, नाटो आणि कर्कवृत्ताखालचा गोवा

नकाशावर पणजी शोधली तर ती साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर सापडते. दमण आणि दीव त्याहून बरेच वर आहेत, पण तेही एकविसाव्या अंशाच्या आतच. कर्कवृत्त या तिन्हींच्या उत्तरेला, साडेतेवीस अंशांच्या जवळून जाते. शाळेच्या भूगोलात ही रेषा आपण सूर्याच्या संदर्भात शिकतो. १९४९ साली वॉशिंग्टनमध्ये मात्र तिला एका लष्करी कराराची वेस केले गेले. ज्यातून नाटो ही संघटना उभी राहिली, त्या उत्तर अटलांटिक करारातल्या पाचव्या कलमाने एका सभासदावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानला आणि सहाव्या कलमाने हे संरक्षण कुठपर्यंत पोहोचते ते ठरवले. सभासद देशांच्या ताब्यातली बेटे त्यात होती, पण उत्तर अटलांटिकमधली आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेची तेवढीच. फ्रान्सने आग्रह धरून अल्जीरियातले आपले जिल्हे त्यात बसवून घेतले. पोर्तुगालच्या वसाहती, म्हणजे अंगोला, मोझांबिक, गिनी, तिमोर, मकाव आणि गोवा, बाहेर राहिल्या.

तरीही पोर्तुगालने ४ एप्रिल १९४९ रोजी करारावर सही केली. सही परराष्ट्रमंत्री जुझे काएइरो द माता यांची होती, निर्णय मात्र लिस्बनमध्ये बसलेल्या अंतोनियो द ओलिव्हेरा सालाझार यांचा होता. कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे हे प्राध्यापक १९२८ मध्ये अर्थमंत्री झाले, १९३२ मध्ये पंतप्रधान झाले आणि पुढच्याच वर्षी नवी राज्यघटना आणून त्यांनी ‘नवे राज्य’ उभे केले. त्यात एकच अधिकृत राजकीय संघटना होती, वर्तमानपत्रांवर तपासनीस होते आणि विरोधकांसाठी गुप्त पोलीस होते. ईश्वर, पितृभूमी आणि कुटुंब ही तीन नावे शाळेच्या भिंतींवर शिकवली जात आणि साम्राज्य हा राष्ट्राचा अवयव मानला जाई.

अशा राजवटीने बहुराष्ट्रीय लष्करी करारात जावे, याचे आश्चर्य वाटते खरे. सार्वभौमत्वाचा जप करणारा राष्ट्रवादी हुकूमशहा परक्यांशी हात बांधून घेणार नाही, अशी आपली एक समजूत असते. सालाझार यांनी तर पुढे, १९६५ मधल्या एका भाषणात, ‘अभिमानाने एकटे’ असे शब्द वापरले आणि तेच शब्द त्यांच्या राजवटीची ओळख होऊन बसले. पण त्यांचे प्रत्यक्ष वागणे पाहिले तर करारांना त्यांचा नकार कधीच नव्हता. ते करार सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा वाचत. जमीन कोणाच्या नावे लागते, वहिवाट कोणाची आणि इतर हक्कांच्या रकान्यात कोणाचे नाव घुसते आहे, एवढेच त्यांना पाहायचे असे. ज्या तत्त्वांसाठी करार केला असे वर लिहिलेले असे, त्याकडे ते शक्य तितके दुर्लक्ष करत.

आता पडद्यावर दिसते आहे ते पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातले तेर्सेरा बेट. लिस्बनपासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर, अटलांटिकच्या मध्यात, दगडी बांधांनी तुकडे पाडलेल्या हिरव्या कुरणांच्या शेजारी ही लाजेसची धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांच्या मागावर असलेल्या विमानांसाठी आणि युद्धानंतर अमेरिकेतून युरोपकडे जाताना इंधन भरण्यासाठी थांबणाऱ्या विमानांसाठी या पट्टीची किंमत सोन्याहून जास्त होती. पोर्तुगाल तटस्थ असतानाही सालाझार यांनी १९४३ मध्ये ती ब्रिटिशांना वापरू दिली आणि त्यासाठी १३७३ सालच्या एका तहाचा आधार दिला. चर्चिल यांनी तो तह ब्रिटिश संसदेत वाचून दाखवला, तेव्हा सभासदांची करमणूक झाली. सालाझार यांना मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसले नसावे. अमेरिकेनेही त्याच बेटांवर सोय मागितली, तेव्हा लिस्बनमधल्या अमेरिकी दूतावासाचा कारभार सांभाळणाऱ्या जॉर्ज केनन यांच्याकडून त्यांनी आधी पोर्तुगालच्या सर्व वसाहतींवरील सार्वभौमत्वाचा आदर राखला जाईल, अशी हमी मिळवली. तळ हवा असेल तर मोबदल्यात साम्राज्याला मान्यता द्या, असा हा सौदा होता. पुढची तीस वर्षे तो वेगवेगळ्या शब्दांत पुन्हापुन्हा मांडला गेला.

१९४९ च्या मसुद्यात सालाझार यांना खटकलेल्या गोष्टी पाहिल्या तर त्यांचे मन कळते. पहिली गोष्ट प्रास्ताविकाची. लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य या तत्त्वांवर हे देश एकत्र येत आहेत, असे तिथे लिहिले होते. सालाझार यांना ही वाक्यरचना दुर्दैवी वाटली आणि आपण बांधले गेलो आहोत ते साम्यवादाविरुद्धच्या समान संरक्षणाला, या वैचारिक व्याख्येला नव्हे, असा अर्थ त्यांनी आपल्यापुरता लावला. दुसरी गोष्ट वीस वर्षांच्या मुदतीची. इतका लांबचा बांधील करार त्यांना जाचक वाटत होता. तिसरी गोष्ट स्पेनची. तिथले हुकूमशहा जनरल फ्रँको यांच्याशी १९३९ पासून मैत्रीचा आणि अनाक्रमणाचा करार होता, आणि शेजारचा स्पेन बाहेर ठेवून इबेरियाचे, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पाचे, संरक्षण कसे होणार, हा त्यांचा प्रश्न लष्करी दृष्टीने अगदीच गैर नव्हता. चौथी आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे शांततेच्या काळात आपल्या भूमीवर परके सैनिक राहण्याची. अमेरिकेबरोबर १९५१ मध्ये अझोर्सचा संरक्षण करार झाला, तेव्हाही या मुद्द्यावर त्यांनी बरीच घासाघीस केली.

या सगळ्यात पोर्तुगीज जनतेला काय हवे होते, हा प्रश्न कुठेच येत नाही. सहीच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी १९४९ मध्ये, पोर्तुगालमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली होती. विरोधकांचे उमेदवार जनरल नॉर्तन द मातोस यांनी ती न्याय्य होणार नाही हे पाहून मतदानापूर्वीच माघार घेतली. (जाता जाता सांगायला हवे की तरुणपणी याच नॉर्तन द मातोस यांनी गोव्यात जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी केली होती आणि वसाहती सोडाव्यात असे त्यांचेही मत नव्हते.) युद्ध जिंकलेली लोकशाही राष्ट्रे आपल्या हुकूमशहावर दडपण आणतील, ही आशा धरून बसलेल्या लोकांना त्याच राष्ट्रांनी त्याच हुकूमशहाला संस्थापक सभासदाची खुर्ची दिलेली पाहावी लागली. सालाझार यांना नाटोकडून मिळालेला पहिला लाभ हाच होता आणि तो घरातला होता.

फ्रँको यांना ती खुर्ची मिळाली नाही. हिटलर आणि मुसोलिनी यांच्याशी त्यांची जवळीक फार उघड होती. त्यांनी १९५३ मध्ये अमेरिकेशी थेट करार करून तळ दिले आणि पैसा व शस्त्रे घेतली. स्पेन नाटोत गेला तो लोकशाही आल्यावर, १९८२ मध्ये.

आता गोव्याकडे येऊ. स्वतंत्र भारताने २७ फेब्रुवारी १९५० रोजी लिस्बनला पत्र देऊन वाटाघाटींची मागणी केली, तेव्हा गोवा ही वसाहत नसून राष्ट्राचाच भाग असल्यामुळे चर्चेला विषयच नाही, अशी पोर्तुगालची भूमिका होती. १९५१ मध्ये घटनेतच दुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हटले गेले. या शब्दबदलाचा एक हेतू संयुक्त राष्ट्रांना उत्तर देण्याचा होता, तसाच मित्रराष्ट्रांसमोर गोव्याचा प्रश्न हा पोर्तुगालच्या अखंडतेचा प्रश्न म्हणून मांडण्याचाही होता. पाचवे कलम गोव्यापर्यंत पोहोचत नव्हते, पण चौथे कलम होते. एखाद्या सभासदाच्या प्रादेशिक अखंडतेला धोका वाटल्यास सर्वांनी विचारविनिमय करावा, असे ते सांगत होते आणि त्यात कर्कवृत्ताचा उल्लेख नव्हता. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली हातची गेल्यावर पोर्तुगालने मित्रराष्ट्रांकडे धाव घेतली, आणि गोव्याच्या बाबतीत असे करू नका, तसे करू नका, अशी पत्रे दिल्लीला येऊ लागली. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियात बांडुंग येथे भरलेल्या आशियाई-आफ्रिकी परिषदेत पंडित नेहरूंनी नाटोला वसाहतवादाचा एक बलाढ्य रक्षक म्हटले, ते या पत्रांचाच दाखला देऊन. त्याच वर्षी १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर पोर्तुगीज गोळीबारात वीसहून अधिक निःशस्त्र सत्याग्रही मारले गेले. डिसेंबरमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पावलो कुन्या यांच्याबरोबर काढलेल्या निवेदनात पूर्वेकडच्या ‘पोर्तुगीज प्रांतां’चा उल्लेख केला आणि भारतात संतापाची लाट उसळली. लाजेसच्या धावपट्टीचे भाडे अशा शब्दांत चुकते केले जात होते.

शब्दांच्या पुढे मात्र कोणी गेले नाही. १९६१ च्या डिसेंबरमध्ये भारतीय सैन्य सीमेवर जमू लागले, तेव्हा सालाझार यांनी ब्रिटनला जुन्या मैत्रीची आठवण करून दिली. ही मैत्री मराठी प्रेक्षकाला वाटते त्यापेक्षा जवळची आहे. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरले आणि मुंबई आंदण दिली गेली, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्या तहाला एक गुप्त कलमही होते, हे फार सांगितले जात नाही. त्यानुसार पोर्तुगालच्या वसाहतींचे शत्रूंपासून रक्षण करण्याची जबाबदारी इंग्लंडने घेतली होती आणि १८९९ मध्ये ब्रिटनने त्या वचनाला पुन्हा दुजोरा दिला होता. म्हणजे मुंबई ज्या वचनाच्या मोबदल्यात गेली, तेच वचन तीनशे वर्षांनी गोव्यासाठी मागितले जात होते. सातबारा वाचणाऱ्या माणसाला हा दावा बिनतोड वाटला असणार. पण ब्रिटनच्या दृष्टीने भारत आता राष्ट्रकुलातला सभासद होता आणि त्याच्याशी लढण्याचा प्रश्नच नव्हता.

१८ डिसेंबरला भारतीय सैन्य गोव्यात शिरले. शेवटच्या सैनिकापर्यंत लढा, आपले सैनिक विजयी किंवा मृत एवढेच असू शकतात, असा संदेश सालाझार यांनी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना आधीच पाठवला होता. वासालो इ सिल्वा यांनी १९ तारखेला शरणागती पत्करून हजारो माणसांचे जीव वाचवले, आणि लिस्बनने त्याबद्दल त्यांना सैन्यातून काढून टाकले. इकडे सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान या नाटोतल्या चार मित्रांनी युद्धबंदीचा आणि भारतीय माघारीचा ठराव मांडला. त्याला सात मते मिळाली, विरोधात चार पडली आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो निकालात निघाला. चार मित्रांनी मते दिली, भाषणे केली. जहाज एकानेही पाठवले नाही.

३ जानेवारी १९६२ रोजी सालाझार राष्ट्रीय सभेसमोर आले, तेव्हा त्यांचा आवाज बसला होता आणि त्यांचे भाषण दुसऱ्याने वाचून दाखवले. भारतावरच्या रागाइतकाच त्यात ब्रिटनवरचा राग होता, कारण वाटेतल्या विमानतळांच्या वापराबाबत उत्तर द्यायला ब्रिटनने आठवडा लावला होता. संयुक्त राष्ट्रांतून बाहेर पडण्याची भाषाही त्यात होती. नाटोतून बाहेर पडण्याचे पाऊल मात्र त्यांनी तेव्हाही टाकले नाही आणि नंतरही नाही.

त्याचे कारण त्या वेळी अंगोलात होते. मार्च १९६१ पासून तिथे सशस्त्र उठाव पेटला होता, आणि नाटोसाठी दिलेली शस्त्रे आफ्रिकेत वापरू नका, असा अमेरिकेचा आग्रह होता. गिनीत नेलेली सेबर जातीची लढाऊ विमाने त्यामुळे १९६४ मध्ये परत आणावी लागली, कारण ती कागदोपत्री नाटोसाठी राखीव होती. सालाझार यांनी पलटवार केला तो त्याच धावपट्टीने. अझोर्सच्या कराराची मुदत १९६२ अखेर संपली, पण त्यांनी तो रीतसर वाढवूनही दिला नाही आणि अमेरिकेला बाहेरही काढले नाही. भाडेकरूला रोज सकाळी आपण कोणाच्या घरात राहतो हे आठवावे, अशी ती व्यवस्था होती.

माझ्या मते, एवढे चोख गणित मांडणाऱ्या या माणसाच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. करारात फक्त जमीन आणि शस्त्रे येत-जात नाहीत, माणसेही येतात-जातात. नाटोच्या निमित्ताने पोर्तुगीज अधिकारी परदेशी मुख्यालयांत गेले, इतर देशांच्या अधिकाऱ्यांबरोबर काम करू लागले आणि आपल्या देशाकडे बाहेरून पाहायला शिकले. फ्रान्सिस्कु द कोस्ता गोमेश हे त्यांपैकी एक. अमेरिकेत नॉरफोक इथल्या नाटोच्या अटलांटिक मुख्यालयात त्यांनी काम केले होते. एप्रिल १९६१ मध्ये संरक्षणमंत्री बोतेल्यो मोनीझ यांनी सालाझार यांना हटवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा कोस्ता गोमेश त्यांच्या बाजूला होते. त्याआधी बोतेल्यो मोनीझ यांच्या अमेरिकी राजदूताशी भेटी झाल्या होत्या. १३ एप्रिलला सालाझार यांनी दोघांनाही दूर केले, संरक्षण खाते स्वतःकडे घेतले आणि ‘अंगोलाकडे, त्वरेने आणि पूर्ण बळाने’ असा आदेश दिला.

सालाझार १९६८ मध्ये आजारपणामुळे सत्तेवरून गेले आणि १९७० मध्ये वारले. आफ्रिकेतली युद्धे त्यांचे वारस मार्सेलो कायतानो यांच्या गळ्यात पडली.

आता शेवटचे दृश्य. २५ एप्रिल १९७४ ची सकाळ, लिस्बनमधला नदीकाठचा तेरेइरो दो पासो हा प्रशस्त चौक. कायतानो यांची राजवट उलथवायला निघालेली कॅप्टन सालगेइरो माया यांची बंडखोर तुकडी चिलखती गाड्यांसह तिथे उभी आहे. समोर तेजो नदीत ‘गागो कौतिन्यो’ ही युद्धनौका आहे. नाटोच्या सरावासाठी निघालेल्या ताफ्यातून तिला मागे बोलावून चौकासमोर आणले आहे आणि माया यांच्या तुकडीवर तोफा डागण्याचा हुकूम तिला मिळतो. तोफा डागल्या जात नाहीत. संध्याकाळपर्यंत कायतानो शरण येतात.

कोस्ता गोमेश त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेस यांनी नवी दिल्लीत करारावर सही केली आणि गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. लाजेसची धावपट्टी तशीच चालू राहिली आणि पोर्तुगाल नाटोतच राहिला.